झाडण्याचा भविष्यकाळ

"तुला बालेये," मॅडम म्हणाल्या. "बालेये म्हणजे झाडणं. तुला त्यात कल्पनाशक्ती लावावी लागणार नाही."

वर्ग हसला. लोणावळ्यातलं हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज, दुसरं वर्ष, शुक्रवारचा फ्रेंचचा तास. जवळचा भविष्यकाळ चालला होता. आत्ता लगेच काय करणार, ते सांगायचा काळ. मॅडम एकेकाला उठवून एक क्रियापद द्यायच्या आणि त्याची रूपं म्हणायला लावायच्या. पुढच्या बाकावरच्या मुलाला प्रवास करणं मिळालं. त्याच्या शेजारणीला नाचणं. एकीला निवडणं. मला झाडणं. ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

मॅडम मला ओळखत होत्या. मळवलीला त्यांचा शनिवार-रविवारी राहायला यायचा बंगला. आई तिथं झाडलोट आणि स्वयंपाक करायची, मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. वडील नाहीत. बंगला उभा आहे तिथं पूर्वी माझ्या आजोबांचं भाताचं खाचर होतं. कॉलेजातला प्रवेशही मॅडमच्या शब्दावर मिळालेला. कॉलेजात त्यांना मॅडम म्हणायचं, बंगल्यावर ताई. मान दोन्हीकडे खालीच ठेवायची.

मी उभी राहिले. रूप पाठ होतं. ज व्हे बालेये. 'व्हे' म्हणजे जाते. फ्रेंचमध्ये हा काळ 'जाणे' या क्रियापदावर चालतो. मी जाते झाडायला, म्हणजे मी आता झाडणार. पण आमच्या घरात जाते म्हणत नाहीत. शाळेला निघाले तरी आई दारातून सांगायची, "जाते म्हनू न्हाई, येते म्हन." जाते म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, असं ती मानते. ते माझ्या हाडात मुरलेलं. घाबरले आणि तोंडातून तेच आलं. ज व्हियें बालेये.

मॅडम थांबल्या, मग हसल्या. "व्हियें म्हणजे येते. काय बोललीस कळलं का? 'मी झाडायला आले.' वाक्य अगदी खरं आहे गं, फक्त काळ चुकला."

आता वर्ग मोकळेपणानं हसला. मला झोंबलं ते वेगळंच. दर रविवारी गाडीत बसताना ह्याच बाई माझ्या आईला "येते हं मावशी" म्हणायच्या. माझी चूक कुठून आली ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पाहुणे होते. मी व्हरांड्यात चहाचे कप उचलत होते. ताई म्हणाल्या, "ही आमच्याकडची. फ्रेंच शिकते. म्हण गं कालचं."

हातात ट्रे. मागे ती खोली, जिच्यात आमचं सगळं सामान. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. "ज व्हे बालेये," मी म्हणाले. ह्यावेळी बरोबर म्हणाले. टाळ्या वाजल्या. एक पाहुणी म्हणाली, "किती गोड." पोपटाला म्हणतात तसं.

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. चेहरा नुसता फुललेला. "काय म्हनलीस गं? लय टाळ्या वाजल्या."

खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. "आता मी झाडनार हाय, आसं म्हनले."

तिचे हात थांबले. "येवढ्यासाटी कालेजात घातली व्हय तुला?" मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "पर गप ऱ्हा. खोली त्यांची हाय."

मला स्वतःचीच किळस आली. टाळ्या वाजल्या तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. ते मी आईला सांगितलं नाही.

दुपारी खोलीत पुस्तक उघडलं. पुढच्या पानावर नकार होता. वर्गात अजून शिकवला नव्हता. 'व्हे'च्या आधी 'न' लावायचा, नंतर 'पा'. बस, एवढंच. इतका सोपा असेल असं मला वाटलं नव्हतं. रविवारभर तेच घोकत बसले.

सोमवारी मॅडमनी पुन्हा मला उठवलं. "सहाही रूपं म्हण. आणि आज जा, येऊ नकोस." वर्ग हसायला तयारच होता.

"ज न व्हे पा बालेये," मी म्हणाले. मी झाडणार नाही.

"नकार अजून शिकवलेला नाही."

"मी शिकले."

कुणी हसलं नाही. मॅडमनी पुस्तक मिटलं. "खाली बस. संध्याकाळी आईला मला फोन करायला सांग."

म्हणजे खोली जाणार. एवढं कळायला फ्रेंच यावं लागत नाही. खरं सांगते, बसावंसं वाटलं. माफी मागावीशीही वाटली. पण पाच रूपं बाकी होती. तू झाडणार नाहीस. ती झाडणार नाही. आम्ही नाही, तुम्ही नाही, त्या नाहीत. एकेक करत सगळी म्हटली आणि मग बसले.

खोली गेली. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिला न विचारता तिचं छप्पर मी घालवलं, हे खरंच आहे, आणि ते मी नाकारत नाही. कोर्स पुरा केला. फ्रेंचमध्ये जेमतेम पास. आता एका हॉटेलात रिसेप्शनला उभी असते. आई कार्ल्याच्या बाजूला दुसऱ्या बंगल्यात झाडते. तिथल्या मालकिणीलाही ती ताईच म्हणते.

म्हणजे सहापैकी पहिलं रूप तेवढं खरं झालंय. 'ती झाडणार नाही' हे अजून धडधडीत खोटं आहे, आणि ते मी भर वर्गात बोलले आहे. ते खरं करणं माझ्याच अंगावर आहे. मालकिणीच्या मर्जीनं नाही, आईच्या म्हातारपणाची वाट बघून नाही. फ्रेंचमध्ये लांबचाही एक भविष्यकाळ असतो. तो मला नको.