जयवंतीची आंघोळ

बोळिंजच्या बाजारात जयवंती पाटी मांडून बसली की फुकटची घासाघीस करायची कुणाची छाती होत नसे. अर्नाळ्याची कोळीण ती. तिचं तोंड सुटलं की शेजारच्या कोळणीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत. पण दुपारी रिकामी पाटी घेऊन लेकाच्या बिल्डिंगपाशी आली की या वाघिणीची पार शेळी व्हायची. लिफ्टमध्ये कोणी उभं दिसलं तर ती मुकाट चार जिने चढायची. वास येतो म्हणून कोणी नाक मुरडण्याआधी आपणच बाजूला झालेलं बरं, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

नवरा गेल्यावर याच पाटीवर तिने विघ्नेशला इंजिनियर केला आणि त्याच्या फ्लॅटसाठी अर्नाळ्याचं घर दिराला विकून टाकलं. आता परत जायला जागा नव्हती.

घरात पाऊल टाकलं की ती थेट बाथरूममध्ये शिरे. बाजारातली साडी अंगावर असेतो देवाला, गॅसच्या ओट्याला किंवा नातीला हात लावायचा नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत. गॅसचा गिझर लावून, बेसन आणि लिंबाची साल चोळून चोळून ती कढत पाण्याने न्हायची. अर्धा-अर्धा तास गिझर पेटलेला असायचा.

बाथरूमची खिडकी सगळ्या मजल्यांना सामाईक असलेल्या हवेच्या डक्टमध्ये उघडत होती. तिथून वास वर येतो, अशी तक्रार सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाली. तक्रार करणारे काही गवत खाऊन राहत नव्हते. रविवारी तिच्याकडूनच पापलेटं नेत, वर चार कोलंब्या जास्त मागत. विघ्नेशने तिथे हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीवर फळी ठोकली आणि कडेने फट राहू नये म्हणून सिलिकॉन भरला. नोकरीच्या कंपनीत सुरक्षेवर भाषणं देणारा हा माणूस! पेटत्या गिझरच्या खोलीची हवा त्याने स्वतःच्या हातांनी बंद केली.

"आई, तुमच्याच प्रायव्हसीसाठी केलंय," सून पिंकी म्हणाली. जयवंती समजायचं ते समजली, पण लेकापुढे तिची जीभ कधीच उचलली गेली नव्हती.

थंडी पडली तशी तिची आंघोळ लांबली, आणि एका दुपारी ती आतच कोसळली. पिंकीने वॉचमनला बोलावून दार तोडलं म्हणून वाचली. गिझरचा विषारी वायू कोंडला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. विघ्नेश तिच्या खाटेशी बसून लहान पोरासारखा रडला.

"आई, तो गिझर आजच काढून टाकतो. इलेक्ट्रिकचा बसवतो."

त्याचं रडणं बघून जयवंतीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. गिझर गॅसचा असो की विजेचा, तिला त्याचं काही नव्हतं. पोरगा आपल्यासाठी लोकांची नाराजी पत्करून ती खिडकी उघडतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

ती घरी आली तेव्हा भिंतीवर पांढरा शुभ्र नवा गिझर होता. नवी वायर, नवं बटण, वर छोटा लाल दिवा. शेजारी शहाळी घेऊन भेटायला आले. सेक्रेटरी म्हणाले, "मुलगा असावा तर असा." जयवंती मान हलवत राहिली. सगळे गेल्यावर तिने विचारलं,

"विघ्नेश, ती फळी कवा काढतंस?"

"आता कशाला काढायची, आई?" त्याने मोबाईलमधून मान वर केली. चेहरा अगदी मोकळा, निर्धास्त. "हा विजेवर चालतो, यात गॅसच नाही. खिडकी बंद असली तरी तुला काही होणार नाही. घ्यायच्या आधीच मी दुकानदाराला विचारून घेतलं."

आधीच विचारून घेतलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा पोटचा गोळा, आणि याला आपण जगलो याचा आनंद आहे की खिडकी उघडावी लागली नाही याचा, हे तिला कळेना. पुढे काही विचारायची तिला भीती वाटली.

बरं वाटल्यावर ती पुन्हा बाजारात बसू लागली. पाटी रिकामी झाली की बाजाराच्या मागे, पाट्या धुवायच्या नळावर, दोन कोळणी साडीचा आडोसा धरून उभ्या राहत. ऐन थंडीत ती गार पाण्याने न्हायची, दुसरी साडी नेसायची आणि मगच घरी जायची.

आठवड्याने विघ्नेश जेवताना खुशीत म्हणाला, "आई, हल्ली कुणाची तक्रार नाही. कसा आहे गं नवा गिझर?"

"चांगला हाय," जयवंती म्हणाली, आणि त्याच्या पानात माशाची मधली तुकडी वाढली.