नंतर सर

घाटंजीच्या आमच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरांनी आपला लॅपटॉप कधी बंद केलेला मी पाहिला नाही. काम झालं की नुसतं झाकण लावायचं, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायचा आणि पिशवीत ठेवायचा. "अहो, बंद तरी करा, त्यालाही जरा विसावा," असं मी म्हटलं की म्हणायचे, "मॅडम, बंद केला अन् उद्या उठलाच नाही तं? जितं हाय तोवर जितं राहू द्या." इंजिनीअर झालेल्या मावसभावाने तो वापरून दिलेला. त्याच्या पडद्यावर रोज एक चौकट यायची: नवीन अपडेट आलं आहे, आत्ता करायचं की नंतर? सर न वाचता 'नंतर' दाबायचे. पोरांनी ते हेरलं आणि त्यांचं नावच 'नंतर सर' पडलं.

नाव चिकटायला दुसरंही कारण होतं. सर, चहाला चला. नंतर. सर, लग्नाचं काय? नंतर. सर, घाटंजीत खोली घेऊन राहा ना, रोज गावाहून कायले धडपडता? नंतर. सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचंच मानधन, उन्हाळाभर घरी, आणि जून आला की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी सर दर जूनला 'नवीन उमेदवार'. पोरं नावाला हसायची, मला मात्र राग यायचा. नंतर म्हणायची सवय त्यांना हौसेने लागली नव्हती. त्यांना ती लावली होती.

मी त्याच कॉलेजची ग्रंथपाल. कायम. त्यामुळे तोंड उघडायला मला काही भीती नव्हती, आणि मी ते बऱ्याचदा उघडलंही. सर उघडत नसत. माझ्या ग्रंथालयातलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं होतं, कारण स्टाफरूममध्ये तासिकावाल्यांना खुर्ची नव्हती. उठून कोणी बाहेर गेलं तरच बसायला मिळायचं.

वर्गात ते व्याकरण शिकवत, तेही झकास. "परीक्षेत 'मला' लिहा, 'तुला' लिहा," असं पोरांना सांगत. "पन घरी जाऊन मायले 'मला जेवायला वाढ' म्हनू नका बाप्पा. ते घाबरन, पोराले काय झालं म्हनून." पोरं खिदळायची आणि त्या खिदळण्यात दोन्ही भाषा शिकून जायची. मी दारात उभी राहून तो तास ऐकलाय. असा तास आमच्या कायम लोकांपैकी एकालाही घेता आला नाही, हे मी स्पष्टच लिहिते.

त्यांची सगळी आशा एका पीएचडीवर होती. विभागात एक कायम जागा निघणार होती आणि पीएचडी असल्याशिवाय त्या जागेच्या मुलाखतीला उभं करत नव्हते. मार्गदर्शकांनी कुठल्याशा संतकवीचा विषय सुचवला होता. आयुष्यात सर पहिल्यांदा 'नाही' म्हणाले. त्यांनी विषय घेतला कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोलीचा. त्यांची आई जन्मभर वेचणीला गेलेली. "मी पुस्तकातून मराठी शिकलोच नाही मॅडम," ते म्हणायचे, "मी सरीत शिकलो. माय पुढं वेचे, मी मांगं बांधाच्या धुऱ्यावर बसून आयके."

सुट्टीच्या दिवशी ते गावाकडच्या वावरांतून फिरत. सीतादहीची पूजा करून होणाऱ्या पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत, म्हणजे उरल्यासुरल्या कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत, बाया एकमेकींशी काय बोलतात ते मोबाइलवर टिपून आणत. टोमणे, शिव्या, सासवांची नक्कल, नवऱ्यांची खिल्ली. मोबाइल भरला की सारं लॅपटॉपवर टाकून मोबाइल मोकळा करत. मग खिडकीजवळ बसून, कानात वायर घालून एकेक वाक्य उतरवत आणि एकटेच हसत. "काय झालं?" विचारलं की मान हलवायचे. "ग्रंथालयात सांगन्यासारखं नाही जी."

पहिली काही प्रकरणं मार्गदर्शकांकडे छापून गेलेली होती. बाकी सगळं, ध्वनिमुद्रणं आणि त्यांवरचं लिखाण, त्या एका लॅपटॉपमध्ये. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतली होती, आता ती पुन्हा वाढणार नव्हती. फरदड संपायच्या सुमारास प्रबंध दिला तर दिला, नाहीतर सगळं बाद. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि प्राचार्यांनाही ठाऊक होतं.

त्याच हंगामात कॉलेजला तपासणीची कमिटी आली. कमिटी म्हणजे घरी सोयरीक यावी तसा प्रकार: भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, संडासाला कुलूप लावून किल्ली फक्त पाहुण्यांसाठी. कॉलेजचा स्वतःचा लॅपटॉप ऐन वेळी रुसला. प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, "तुमचा द्या दोन दिवस. संस्थेचं काम आहे, आपलंच समजा." पुढच्या वर्षीचे तास ज्याच्या हातात, त्याला नाही कसं म्हणायचं? सरांनी फडक्यातून लॅपटॉप काढून संगणक विभागात नेऊन दिला. देताना एवढंच म्हणाले, "फक्त ते अपडेटचं आलं तं 'नंतर' दाबजा. बाकी काही करू नका जी."

हे त्यांनी ज्यांना सांगितलं ते बापूसाहेब. संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे. संगणक विभाग त्यांच्याकडे होता, कारण तो दुसऱ्या कोणाकडे देण्याची सोय नव्हती. आणि सर कुठे होते? सरांना कमिटीतल्या एका मॅडमसोबत कळंबला पाठवलं होतं, चिंतामणीचं दर्शन घडवायला, तेही मुक्कामासह. पीएचडीच्या तोंडावर आलेला माणूस, नारळ आणि दुर्वा घेऊन गाडीत पुढे बसला होता.

इकडे सभागृहात मोठ्या पडद्यावर ती चौकट आली. बापूसाहेबांना ते कमीपणाचं वाटलं. "कमिटीसमोर हे काय भिकारपन," म्हणाले आणि 'आत्ता' दाबलं. पडदा निळा झाला, गोल चक्र फिरायला लागलं. कृपया बंद करू नका, असं मराठीत लिहिलेलं मी स्वतः वाचलं. कमिटी जिन्यात आली तसा बापूसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी बटण दाबून धरलं आणि तो बंद केला. पुन्हा सुरू केला, तर पडदा काळा. तो काही केल्या सुरू होईना. अखेर कोणाचा तरी तिसराच लॅपटॉप आणून कमिटीचं काम भागवलं, आणि सरांचा लॅपटॉप शिपायासोबत यवतमाळला एका दुरुस्तीच्या दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. सर नुकतेच कळंबहून परतले होते. बापूसाहेबांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तो त्यांच्या हातात दिला. चकचकीत पुसलेला. "घ्या सर, नवीन करून आनला. पहिल्यापेक्षा फास्ट." मग खुर्चीत रेलून मोठ्या खुशीत सांगायला लागले, "अन् ते दुकानवाले काय बदमाश असतात! मले फोन केला त्यानं. म्हने, साहेब, डाटा पाहिजे का? म्या म्हनलं, डाटा कायले पाहिजे? कॉलेजात वायफाय हाय आमच्या! तो पुन्हा इचारते, साहेब, पक्कं ना, डाटा नको? म्हनलं, अबे नको म्हनलं ना. गळ्यात मारून राह्यला होता. आपन काय येडे हाओत?"

दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. ते लॅपटॉप उघडत होते. पडद्यावर निळं आकाश आणि एक कचऱ्याची टोपली, बस. 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवलेलं कधी जात नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. सरांनीही सारं तिथेच ठेवलं होतं. दुकानदाराने 'सी' आणि 'डी' दोन्ही पुसून एकच ड्राइव्ह करून दिला होता. सरांनी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग फार हळू म्हणाले, "बापूसाहेब, डाटा म्हंजे माह्या बाया होत्या जी."

बापूसाहेबांना कळलं नाही. आजतागायत कळलेलं नाही. मी मात्र त्या दिवशी स्टाफरूममध्ये असा आवाज चढवला की बाहेर पोरं जमली. प्राचार्य धावत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, आपण ग्रंथालय सांभाळावं. ही तांत्रिक बाब आहे. यात कोणाची चूक नाही." चूक कोणाचीच नाही! एका माणसाचं आयुष्य पुसलं गेलं आणि पुसणारा हात कोणाचाच नाही. माझ्या अंगाची नुसती लाही झाली, आजही होते.

सर नागपूरला जाऊन आले. तिथल्या जाणकाराने खटपट केली. तो म्हणाला, वरून नवं भरलंय, आता फार काही निघणार नाही. जे निघालं ते कमिटीसाठी केलेलं कॉलेजचं सादरीकरण. इमारतीचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत, सगळं शाबूत. कमिटीने चांगला शेरा दिला म्हणून कॉलेजात समारंभ झाला, त्यात 'मोलाचे सहकार्य' म्हणून सरांना शाल आणि नारळ दिला. सरांनी तो वाकून घेतला. मला वाटलं, तो नारळ फेकून मारावा कोणाच्या तरी कपाळात. पण सर तसे नव्हते.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशेवर राहायला नको. मुदत गेली. नोंदणी बाद झाली. कायम जागा संस्थेच्या नात्यातल्या एका मुलीला मिळाली. सरांनी पुढच्या जूनला अर्जच केला नाही. आता ते यवतमाळला एका खासगी शिकवणीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना व्याकरण शिकवतात. खालीलपैकी शुद्ध शब्द कोणता, चार पर्याय. ज्या माणसाने अशुद्ध म्हणवल्या जाणाऱ्या भाषेपायी जीव आटवला, त्याला हेच काम मिळावं! एसटी स्टँडवर भेटतात कधी. "बरं चालू हाय," म्हणतात. माझ्याच्याने पुढे विचारवत नाही.

पण मला आठवतात ते सर एका रविवारचे. मुदतीला थोडे दिवस उरले होते. निदान एका प्रकरणापुरतं तरी पुन्हा टिपून आणू, असं मी त्यांच्या मागे लागले आणि त्यांच्यासोबत वावरात गेले. कंबरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने वेचत होत्या. त्यांत पुढे कौतिकाबाई, सरांच्या आईची जुनी जोडीदारीण, सरांच्या ध्वनिमुद्रणांतली सगळ्यात तिखट जीभ. सरांनी फोन पुढे धरला. कौतिकाबाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "नमस्कार. माझे नाव कौतिकाबाई आहे. आम्ही कापूस वेचत आहोत. कापूस हे पांढरे सोने आहे."

सर बघतच राहिले. "मावशी, असं नाही. मंगच्यासारखं बोला ना."

"आता नातीनं सांगतलं ना बाबू. ते व्हिडिओ काढते. म्हने, आजी, मोबाइलवर चांगलं बोलत जा, लोक हासतात." आणि लगेच, "अन् मंगचं तं सारं दिलं तुले. हाय ना तुह्याजवळ?"

मला वाटलं, सर हो म्हणून वेळ मारून नेतील. पण त्यांनी फोन खाली केला आणि खरं ते सांगितलं. अपडेट, दुकान, फोन, वायफाय, सगळं.

कौतिकाबाईंनी कंबरेवर हात ठेवला. "पुसलं? आमचं सारं बोलनं पुसलं? पाटी होती का ते?" आणि मग त्यांचा पट्टा सुटला. "मुडदा बशीवला त्याचा! इतके दिस आमी या लेकरासमोर तोंड वाजोलं, अन् त्या बयताडानं एका शब्दात नको म्हनून टाकलं? नको म्हनायले तुह्या बापाचं होतं का रे ते?" शेजारची कडाडली, "बलाव त्याले इथं! म्हना, कंबर वाकव, एक ओटी वेच, मंग सांग काय पाह्यजे अन् काय नको!" मागून तिसरी, "शिकवते म्हने तो पोरायले! काय शिकवते व, डोंबलाचं? खुर्चीत बसून बसून अक्कल बुडाखाली गेली मेल्याची!" साऱ्या ओळीला चेव आला. वेचता वेचता एकीच्या तोंडातून दुसरी उचलत होती. बापूसाहेबांच्या सात पिढ्या त्या वावरात उभ्या केल्या त्यांनी. नातीचं सांगणं, नमस्कार, पांढरं सोनं, सगळं विसरून गेल्या. सर ज्यासाठी इतकी वर्षं फिरले ते सारं समोर चाललं होतं, जसंच्या तसं, किंबहुना वरचढ.

मी सरांना कोपराने ढोसलं. "अहो, लावा ना तो फोन! लवकर!"

सरांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. "राहू द्या मॅडम. हे त्या माह्यासाठी बोलून राह्यल्या. हे मी कोनाले कायले देऊ?" फोन त्यांनी खिशात टाकला. कौतिकाबाईंच्या शेजारची सरी धरली आणि त्यांच्या ओटीत वेचून टाकायला लागले. मी धुऱ्यावर बसून रडले, आणि रडता रडता त्यातल्या जितक्या शिव्या ध्यानात राहतील तितक्या ध्यानात ठेवल्या.

बापूसाहेब आता उपप्राचार्य आहेत. व्हरांड्यात समोरून आले की मी त्या शिव्यांतली एक मनातल्या मनात म्हणते. परवा ती तोंडातून मोठ्याने निघाली. ते थांबले आणि म्हणाले, "काय म्हनल्या मॅडम?"

मी ती पुन्हा म्हटली.