‘पुसा’ म्हणजे विचारा नव्हे

मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो मी एका क्लिकने उडवले. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकत होतो. ही फुकट मिळणारी सिस्टीम मराठीतही चालते, आणि त्यातलं बरंचसं मराठी आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या श्रीधरने हौसेने लिहिलेलं. पडद्यावर बटण आलं, ‘डिस्क पुसा’. मला वाटलं, पुसा म्हणजे विचारा. विचारू दे की काय विचारायचं ते... दाबलं.

महिन्यापूर्वी श्रीधर गेल्याचं कळलं तेव्हा, खरं सांगतो, आधी ते बटणच आठवलं. फोटो उडाले त्या दिवशी मी धावत त्याच्याकडे गेलो, तर हा चहात बटर बुडवत म्हणाला, “वाट लावलीस. पण चूक माझी रे, शब्द दुहेरी आहे.”

“माझ्या मूर्खपणाचं श्रेय तू घेऊ नकोस,” मी म्हटलं.

पुढचे तीन रविवार हा निवृत्त माणूस पेन ड्राइव्ह खिशात टाकून माझ्या नातेवाइकांकडे, पार दहिसरपर्यंत फिरला आणि प्रत्येकाच्या मोबाइलमधून लग्नाचे फोटो गोळा करून आला. त्यातल्या बहुतेकांत मागे कुठेतरी मी जिलबी खातोय... वर म्हणतो कसा, “नवरी जरा कमी आहे, पण तू भरपूर आहेस!”

परवा श्रीधरच्या बायकोने, वहिनींनी, बोलावलं. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती, श्रीधरने आजारपणात केलेलं शेवटचं मराठी तिच्यात होतं, आणि ते त्यांना त्याच्याच लॅपटॉपवर बघायचं होतं. त्याच लॅपटॉपमध्ये त्याने रेकॉर्ड केलेली त्याची बेसूर गाणी होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. “सांभाळून हं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “वहिनी, आता मी जाणकार आहे,” आणि पर्याय नीट न वाचता एंटर दाबत सुटलो.

पडदा थबकला. ‘पुसा’ कुठेच नव्हतं. त्याजागी ठळक अक्षरांत होतं : ‘थांबा. सगळं नाहीसं होईल. कॉपी काढलीत का? घरात कुणाला तरी विचारा.’

कॉपी काढली नव्हती. मी हात मागे घेतला आणि ते वाक्य बघत बसलो... अगदी त्याच्याच आवाजात ऐकू आलं. मागे उभ्या वहिनी डोळे पुसत हसत होत्या.

“ही ओळ लिहिताना म्हणाले होते,” त्या म्हणाल्या, “कुणालाच लागायची नाही गं, पण समोरच्या विंगमधल्या त्या येड्याला नक्की लागेल.”