सरदाराला न दिलेला मंत्र

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी — हे मी कुणी न विचारता सांगतो. पण आज जे सांगतोय, ते कुणी खोदून विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. बायकोला नाही, दिनकरला नाही, हणमंताला तर नाहीच. ऐकून हसाल कदाचित. एका खेळातली तर गोष्ट!

सत्तरच्या दशकाची सुरुवात. साताऱ्यात कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही पाच जण एका खोलीत. मी कडेगावचा. हणमंत वडूजकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आणि दिनकर — त्याचं डोकं अफाट. त्यानं पुठ्ठ्यावर एक राज्यच काढलं : गड, घाट, राक्षसांची ठाणी. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, आपली चाल सांगायची, दिनकरनं कवड्या टाकून निकाल द्यायचा. मेला तो खेळाबाहेर. कुणी तिरंदाज झाला, कुणी हेर. मी मांत्रिक घेतला — जखमी गड्याला मंत्र घालून उठवणारा.

सगळ्यांना वाटलं, काय मन मोठं याचं! खरं सांगू? मांत्रिकाला लढावं लागत नाही, आणि तरी सगळ्यांना त्याच्याकडं यावंच लागतं. मला दोन्ही हवं होतं.

हणमंत सरदार. "तू मागं ऱ्हा रं गड्या," म्हणायचा, "तू मेलास तर आमाला कोण उठवणार? तसाबी कुस्तीत उताणाच पडतोस तू."

मांत्रिकाचा नियम त्यानंच घातला. त्याचा चुलता विंचू उतरवायचा. त्या लोकांचा दंडक असा, की बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं. नाही म्हटलं की मंत्र गेला. खेळातही तेच ठरलं — मांत्रिकानं नाही म्हणायचं नाही.

पुढं हणमंत नापास झाला आणि फौजेत गेला. मी पास झालो, सांगलीत नोकरीला लागलो. दिनकर साताऱ्यातच मास्तर झाला. खेळ मात्र सुटला नाही — पोस्टकार्डांवर सुरू राहिला. चाल दिनकरला लिहायची, महिन्याला त्याचं निकालाचं कार्ड सगळ्यांना. जखमी झालेला मांत्रिकाला लिहायचा, आणि अमावास्येच्या आत मांत्रिकाचं कार्ड दिनकरकडं पोचलं की तो उठायचा. नुसती खुशाली लिहायला आम्हाला कधी जमलंच नाही. 'मी मजेत, तू मजेत' याच्या पुढं काय लिहिणार? आमची सगळी माया त्या खेळात. हणमंताच्या घरी तर लिहिता येणारं कुणी नव्हतं. सरहद्दीवर त्याला येणारी कार्डं म्हणजे आमचीच. हे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा — मला ठाऊक होतं.

एका महिन्यात हणमंतानं सगळ्यात अवघड गड घेतला आणि घेताना जखमी झाला. दिनकरनं कार्डभर त्याचंच कौतुक लिहिलं. माझ्यासाठी शेवटी अर्धी ओळ.

मागोमाग हणमंताचं कार्ड आलं. "पडलोय गड्या. मंत्र धाड."

माझ्याकडं मंत्र होता. कोरं कार्डही होतं. पण पदवी माझ्याकडं, आणि नाव नापासाचं? मी जन्मभर याच्या मागं उभा राहून फुंकर घालायची? एकदा तरी हा नसलेला खेळ बघावा — असं वाटलं. नाही, 'वाटलं' म्हणून निसटायचं नाही. मी ठरवलं. त्याचं कार्ड कपाटातल्या कागदाखाली सारलं आणि अमावास्या जाऊ दिली.

दिनकरनं विचारलं तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती, नियमच तसा. मग खोटं लिहिलं — "हणमंताचं कार्ड आलंच नाही."

सरदार मेला. हणमंत बाहेर.

त्यानंतर खेळाबाहेरची चार ओळींची चिठ्ठी तरी मी त्याला लिहायची की नाही? नाही लिहिली. काय तोंडानं लिहिणार?

पुढं तो सुट्टीवर आला, तेव्हा मी आणि दिनकर वडूजला गेलो. त्यानं मला मिठी मारली, आईला हाक मारून सांगितलं, "आये, ह्यो बघ आमचा मांत्रिक!" मग जेवताना सहज बोलला, "चार म्हैनं डाक वाटताना माझं नाव कुणी पुकारलं न्हाई. तरी जाऊन हुबा ऱ्हायचो रं, येड्यावानी. माजं कार्ड तुला पोचलं न्हाई, ही पोस्टाची करणी. तुजा काय दोष?"

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

आणि तोच दिनकरला म्हणाला, "मला परत घ्या खेळात. पर आता मांत्रिक मी हुतो. ह्यानं समद्यांना लय उठवलं. ह्याला उठवायला कोण हाय? सरदारकी ह्याला द्या."

मी घेतली. गप्प बसून घेतली.

पुढच्या वर्षात मी दोनदा जखमी झालो. दोन्ही वेळा त्याचं कार्ड अमावास्येच्या कितीतरी आधी दिनकरकडं पोचलं. एकदा तर, दिनकरनं कळवलं, अक्षर दुसऱ्याचं होतं — त्याचा हात दुखावलेला, म्हणून शेजारच्या जवानाकडून लिहवून घेतलेलं.

दोन्ही वेळा मी उठलो, पुढचे गड घेतले, आणि त्याला काही सांगितलं नाही.