शिवराजच्या बंदूक-पेट्या

बोलताना मध्येच हवेत दोन बोटं फिरवायची सवय शिवराजनं हैदराबादहून आणली. तिथं तो एका बॅगांच्या शोरूममध्ये "सेल्समधी" होता, म्हणजे वरच्या फळीवरच्या बॅगांची धूळ झटकायला होता. पण बीदरला परत आला तो मार्केट, ट्रेंड आणि प्रीमियम असे तीन शब्द घेऊन. पानाच्या डब्यातून लवंग काढावी तसे तो ते एकेक करून काढायचा.

"म्हंजे कसंय अव्वा, मार्केटचा ट्रेंड बदलायलाय."

"बदलू दे की. तू आधी दुकान झाडून घे."

त्याची अव्वा, म्हणजे आई, नागव्वा. बीदरच्या बाजारात तिचं गवसण्यांचं दुकान. तबल्याची गवसणी, शिलाई मशीनची गवसणी, साड्यांना पारदर्शक खिडकीची कव्हरं. आता तिचे गुडघे गेले होते आणि दुकानाची गादी कुणाला द्यायची एवढंच ठरायचं राहिलं होतं. मशीनवर धाकटी बहीण पिंकी बसायची. गल्ल्यावर शिवराज बसायचा, कारण बसणं त्याला जमायचं.

"इलेक्शन होऊस्तर तू चालवून दाखव," नागव्वा म्हणाली. "चाललं तर गादी तुझी. न्हाई तर पिंकी बसंल, अन् तू तिचा माल पोचवशील."

पिंकी मशीन थांबवून खुदकन हसली. शिवराजनं दोन बोटं फिरवली. पिंकीचा माल पोचवायचा? त्यानं? सेल्समधल्या माणसानं?

त्याच्याकडं आयडिया तयार होती. निवडणूक लागली की ज्यांच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती निकाल लागेपर्यंत पोलीस ठाण्यात जमा करायची असते. मागच्या निवडणुकीत शिवराजनं ठाण्यासमोरच्या हॉटेलात काळा चष्मा लावून "सर्व्हे" केला होता. कुणी बंदूक युरियाच्या पोत्यात गुंडाळून आणली होती, कुणी बायकोच्या जुन्या साडीत. एकानं तर ती मोटारसायकलला उसासारखी बांधली होती. पेटी एकाकडंही नव्हती.

"एकाकडं बी न्हाई! कॉम्पिटिशनच न्हाई!" तो घरी येऊन ओरडला.

ज्या गावात एकही न्हावी नाही, त्या गावातले सगळे टकले असू शकतात, ही शंका त्याच्या डोक्याला शिवली नाही. शिवायला जागा होती, दार नव्हतं.

तो हैदराबादला गेला आणि बंदूक ठेवायच्या काळ्या कडक पेट्या घेऊन आला. नंबरचं कुलूप, आत मऊ स्पंज, स्पंजात कुठल्याशा परदेशी बंदुकीच्या आकाराचा खड्डा. घाऊकवाला म्हणाला होता, "माल खतम होरा भाई, आगे रेट बढ़ते." हे तो छतापर्यंत रचलेल्या पेट्यांना टेकून म्हणाला होता. शिवराजनं लगेच होता नव्हता तेवढा माल उचलला. याला तो परचेस स्ट्रॅटेजी म्हणायचा.

"माप घेतलास का रे अण्णा?" पिंकीनं विचारलं.

"स्टँडर्ड साइज असतीय."

"कुणाची स्टँडर्ड? आपल्याकडच्या बंदुका आज्यापंज्याच्या मापाच्या हायत."

"तू खिडक्या शिव."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यानं भालकीकडच्या मेहकरचे अंकुशराव गाठले. अंकुशरावांकडं आजोबांच्या वेळची एकनळी होती. रानडुकरांसाठी म्हणून परवाना होता, पण डुकरं तिला ओळखून होती आणि तिच्या सावलीत चरायची. बंदुकीचं खरं काम वेगळंच होतं. पाहुण्याला बसपर्यंत सोडायला जाताना अंकुशराव ती खांद्यावर टाकत. बाकी त्यांच्या अंगात बघण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत असावं.

शिवराजनं पेटी उघडून खाटेवर ठेवली. "काका, हे प्रीमियम."

अंकुशरावांनी स्पंज दाबून पाहिला. बंदूक आडवी धरली. ती दोन्हीकडून हातभर बाहेर राहिली.

"बसंना की रे."

"थोडं ॲडजस्ट व्हतंय काका."

"ते जाऊ दे. पेटीत घातली तर लोकाला दिसंल कशी?"

"दिसायची न्हाईच. सेफ्टी!"

"मंग बंदूक कामून ठिवलाव म्या?" अंकुशराव खरोखर चकित झाले. "तू नवरीला गोणीत घालून वरात काढतूस का?"

आतून त्यांची बायको कमलबाई म्हणाली, "तुमच्या वरातीत तसं केलं असतं तर बरं झालं असतं. नवरदेवाला."

चिंताकीचे उमाजी तर पेटी न बघताच हसले. त्यांच्याकडंही बंदूक होती आणि तीसुद्धा नुसती दाखवायचीच होती. गावोगाव तेच. पेट्या दुकानात पडून राहिल्या. त्यांच्यावर साड्यांची कव्हरं रचून पिंकी जागा करून घ्यायला लागली.

मग निवडणूक जाहीर झाली. बंदुका युरियाच्या पोत्यांतूनच ठाण्यात गेल्या, आणि शिवराज पुन्हा मेहकरला गेला तेव्हा अंकुशराव ओसरीवर एक खांदा वर करून बसले होते. खांदा रिकामा होता, पण सवयीनं वरच होता.

"परवा उमाजीच्या पोरीचं लगीन," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "असा मोकळा कसा जाऊ रे? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणाले नसते. लोकांना वांग्याच्या भाजीची चिंता असते. पण शिवराजची दोन बोटं आपोआप वर गेली.

"काका, पेटी घेऊन चला की. आत हाय का न्हाई, कुणाला दिसतंय?"

बिनबंदुकीच्या माणसाला बिनबंदुकीची पेटी! दोन रिकामी डोकी एकमेकांना भेटली आणि दोघांनाही भरून आलं.

"लग्नाला सगळे बंदूकवाले येणार," शिवराज म्हणाला. "सगळ्यांचे खांदे मोकळे. तुमचा रुबाब बघून तिथंच आर्डर देतील. माझं दुकान माझंच ऱ्हाईल काका."

"पन हलकी लागायलीय. वजन पायजे."

वजनासाठी अंकुशरावांनी स्वयंपाकघरातून मुसळ आणलं. परदेशी बंदुकीच्या खड्ड्यात ते असं बसलं, जणू स्पंज त्याच्यासाठीच कापला होता. शिवराजच्या स्टँडर्ड साइजची वस्तू अखेर सापडली.

लग्नाच्या दिवशी दोघं बसनं चिंताकीला निघाले. अंकुशरावांनी पेटी मांडीवर आडवी ठेवली होती. शेजाऱ्याच्या बरगडीत तिचा कोपरा रुतत होता, तरी शेजारी "असू द्या, असू द्या" म्हणत होता. कंडक्टरनं आवाज खाली आणून तिकीट विचारलं. मागच्या बाकावर हळद घेऊन निघालेले उमाजीचे पाव्हणे कुजबुजायला लागले. शिवराज त्यांच्याकडं वळून म्हणाला, "बीदरला मिळतंय. प्रीमियम हाय."

सगळ्या जिल्ह्यात बंदूक बाहेर काढायला बंदी. प्रत्येक नाक्यावर तपासणी. आणि बंदुकीच्या पेटीची जाहिरात करायला या शहाण्यानं नेमके तेच दिवस निवडले होते.

औरादच्या अलीकडं बस थांबली. तपासणीवाली हवालदार ईरम्मा वर चढली आणि पेटी बघून तिनं थेट खालच्या दोघा शिपायांना हाक मारली.

"पेटगी तेगीरी!" मग अंकुशरावांचं तोंड बघून मराठीत, "उघडा म्हणायलाव. काय हाय आत?"

"काय न्हाई, बाई."

"काय न्हाई तर एवढं जड कामून?"

"नंबर ह्यालाच ठावं," अंकुशरावांनी शिवराजकडं बोट केलं. शिवराजची दोन बोटं कुलपावर फिरली. झाकण उघडलं. ईरम्मानं वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, मग मुसळ बाहेर काढून बसभर दाखवलं.

"ह्याला परवाना हाय का?"

बस अशी हसली की डायव्हरनं इंजिन बंद केलं. हळदवाल्या पाव्हण्यातली म्हातारी पदर तोंडात कोंबून म्हणाली, "आगं बाई, आहेर आणलाय पोरीला!" शेजाऱ्यानं आपली बरगडी परत ताब्यात घेतली. कंडक्टर म्हणाला, "सामानाचं तिकीट घ्या," आणि या वेळी आवाज अजिबात खाली आणला नाही.

ही बातमी बसच्याही आधी मोबाईलवरून मांडवात पोचली. उमाजींनी दोघांचं दारातच स्वागत केलं. "या या, बंदूकवाले! डाळ कांडायची ऱ्हायलीय!" आर्डर एकानंही दिली नाही. एकानं फक्त विचारलं, खलबत्त्याची पेटी आहे का.

दोन दिवसांनी कमलबाई बीदरच्या दुकानात आली आणि पेटी गल्ल्यावर आपटली. "ही घे तुझी वस्तू. माझ्या मुसळाला स्पंजाचा वास मारायलाय. ह्याच्या बदल्यात साडीचं कव्हर दे."

"काकू, रिटर्न पॉलिसी—"

"पिंके, दे गं," नागव्वा आतून म्हणाली. मग गुडघ्यावर हात देत बाहेर आली आणि शिवराजसमोर उभी राहिली. "झालं तुझं इलेक्शन. ऊठ." शिवराज गादीवरून उठला. पिंकी मशीनवरून उठून गादीवर बसली आणि तिनं उशी उलटी करून घेतली.

"कव्हर कसलं पायजे काकू?"

"खिडकीचं. आत काय हाय ते दिसलं पायजे बाई. आता लई झालं."

पिंकीनं कव्हरांचा गठ्ठा बांधला आणि दुसरा एक गठ्ठा शिवराजच्या हातात दिला. "हे भालकीला पोचीव अण्णा. सांभाळून ने."

शिवराजनं गठ्ठा काखेत मारला, दारात थांबला आणि मोकळ्या हाताची दोन बोटं हवेत फिरवली.

"म्हंजे कसंय, डिलिव्हरीचाच ट्रेंड हाय सध्या."

"व्हय," पिंकी म्हणाली. "बस जाईल, पळ."