दोन बोटं आणि एक हार

खंडेनवमीला चाकणची कंपनी घरच्यांना आत सोडायची. वडील आम्हाला थेट त्यांच्या प्रेस मशीनसमोर नेत, तिला झेंडूचा हार घालत आणि डोकं टेकवत. त्याच मशीनने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली होती. आई दरवर्षी चिडायची. ते म्हणायचे, "अगं, हिच्यावरच तर घर उभं राहिलं." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

रिटायर झाल्यावर ते नातीला, माझ्या मुलीला, मांडीवर घेऊन जेवायचे. तीही त्यांच्यासारखी करंगळी आणि शेजारचं बोट दुमडून घास घ्यायची. ते पोट धरून हसायचे.

श्रावणात ते गेले. ज्या कंपनीत जन्म घालवला, तिथून साधा हारही आला नाही. फोन केला तर म्हणाले, रिटायर माणसासाठी तशी पद्धत नाही.

यंदा खंडेनवमीला तिथे कामाला असलेला शेजारी पूजेचा प्रसाद घेऊन आला. "भाऊ, काकांच्या मशीनला यंदा केवढा मोठा हार होता!"

मी प्रसादाला हात लावला नाही. मुलीने मात्र उजवा हात पुढे केला, दोन बोटं दुमडून.