आरियाचं बारसं

"वाजवा ना मास्तर, थांबलात कशाला?" बाळासाहेब माझ्या कानात ओरडला.

अहो, वाजवू कसं? पाळणा सजलेला, बायका जमलेल्या आणि बाळाची आत्या हाताची घडी घालून खुर्चीत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं सांगितलं की मगच आम्ही दणका उडवायचा.

मी लष्करी बँडमधून रिटायर झालेला क्लॅरिनेटवाला. आता नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात माझा स्वतःचा बँड आहे. बाळासाहेब भंडारदऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. त्याच्या मुलीचं बारसं होतं.

"आरिया? हे काय नाव हाय व्हय?" थेट खर्डा गावाहून आलेल्या हिराआत्या म्हणाल्या. "आदी अर्थ सांगा. न्हाईतर मी चालले."

बाळाची आई स्नेहल रडकुंडीला आली होती. लग्नाआधी ती नगरला गाणं शिकायची. मला हळूच म्हणाली, "माझं गाणं सुटलं, मास्तर. नाव तरी गाण्याचं राहू द्या."

आमच्या नोटेशनमध्ये, म्हणजे सूर लिहिलेल्या कागदांवर, निम्मे शब्द इटालियन असतात. मी छाती फुगवून पुढे झालो.

"आत्याबाई, हा इटालियन शब्द. आरिया म्हणजे हवा."

"हवा? टायरात भरत्यात ती?"

सगळा मांडव हसला. स्नेहलनं मान खाली घातली. शहाणपणा माझ्या अंगाशी आला होता.

मी पवित्रा बदलला. "बरं, नावाचं राहू द्या. पाळणा तरी म्हणाल?" हिराआत्यांच्या पाळण्याशिवाय खर्ड्यात बारसं होत नाही, हे बाळासाहेबानं बुकिंगच्या वेळीच ऐकवलं होतं. आत्या खुलल्या. एरवी बायका सुरात सूर मिळवतात आणि आमचा ताशा मध्ये घुसतो. मी हातानंच सगळ्यांना गप्प केलं.

आत्या एकट्या गायल्या. आवाज जाड, पण सुराला पक्का. वाढपी बादल्या घेऊन जागच्या जागी उभे राहिले.

पाळणा संपल्यावर मी म्हणालो, "आत्याबाई, त्या लोकांनी हवेवरूनच सुराला आरिया म्हटलं. त्यांच्याकडे ऑपेरा असतो, म्हणजे गाण्यांचं नाटक. त्यात गोष्ट थांबते, बाकीचे गप्प होतात आणि एकच माणूस मनातलं गातो. त्या गाण्याचं नाव आरिया. आत्ता तुम्ही गायलात ना, तसं."

आत्यांनी स्नेहलकडे पाहिलं. "तुला गाता येतंय व्हय गं असं?"

"येत होतं, वन्सं."

"हुतं काय? मग पोरीला कोन शिकवनार? उद्यापास्नं बस गायला!"

आत्या पाळण्यावर वाकल्या. "कुर्रर्र! आरिया!"

मग माझ्या पोरांनी असं काही वाजवलं की मांडवाचे पत्रे थरथरले. मीही गुडघेदुखी विसरून नाचलो.

हल्ली स्नेहल रोज गाते म्हणे. आणि हिराआत्या खर्डाभर सांगत फिरतात, भाचीचं नाव माज्या गान्यावरनं ठेवलंय. मी त्यात दुरुस्ती करत नाही. अर्थ आधी सांगितला की टायरात जातो. आधी ऐकवावं, मग सांगावं.